ठाणे-खारघरमधून ५० किमी स्की शर्यतीची तयारी: जुनं सामान, रोलरस्की आणि रस्ते

पारसिक_चढ लिहितात:

नमस्कार मंडळी. ठाणे आणि खारघर मिळून आम्ही चौघं जण आहोत. चौघांनीही अमेरिकेत शिकताना कॉलेजच्या संघातून क्रॉस-कंट्री स्कीच्या शर्यती केल्या आहेत. आता सगळ्यांच्या नोकऱ्या इकडे आहेत. येत्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधल्या अमेरिकन बिर्कबायनरची ५० किमी स्केटिंग शर्यत करायची ठरवली आहे (स्केटिंग म्हणजे स्की तिरक्या ढकलत जायची पद्धत; समांतर खाचांतून जाते ती क्लासिक). गणपती झाले, पाऊस अजून सुरू आहे, हातात साधारण २२ आठवडे आहेत.

प्रश्न असे: इतकी वर्षं कपाटात पडलेलं सामान (स्की, बूट, हातातले पोल, रस्त्यावर चालवायची चाकांची रोलरस्की, स्कीला मेण लावायची इस्त्री, मेणाचा डबा) वापरण्याजोगं आहे की नाही, हे कसं तपासायचं? रोलरस्की नेमकी कुठे करायची? आठवड्याला ७-८ तास मिळतात, ते कसे वाटायचे? आणि बर्फावरच्या सरावाला गुलमर्गला जायचं तर कधी? ज्यांना यातलं नीट ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

कोमट_मेण लिहितात:

सामानापासून सुरुवात करा, कारण त्यातलं काही बाहेरून मागवावं लागेल आणि त्यात महिना-दीड महिना जातो.

सगळ्यात आधी बूट बाहेर काढा. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा सोल आतून कुजतो, बाष्पामुळे त्याचे रासायनिक बंधच तुटतात. बूट दिसायला नवाकोरा असतो, पण पहिल्याच सरावात सोलचा भुगा होऊन तो बाइंडिंगमधून (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीतून) सुटतो. दोन्ही हातांनी बूट चवड्यापाशी जोरात वाकवा, सोलच्या कडेला अंगठ्याचं नख रुतवा. नख रुतलं, चिकट लागलं किंवा पावडर पडली तर बूट टाकून द्या. डिंकाने चिकटवून उपयोग नाही, कारण खराब झालेला असतो तो सोल, डिंक नव्हे. पुढच्या आडव्या दांडीचा गंजही पाहा.

दुसरी गोष्ट बाइंडिंगची. तुमच्या कॉलेजच्या काळातल्या बऱ्याच जणांकडे दोन दांड्यांचे एसएनएस पायलट बूट असतात. ती पद्धत बाजारातून गेली आहे. एनएनएन, प्रोलिंक आणि टर्नामिक या आजच्या पद्धती एकमेकांना चालतात, पायलट यांपैकी कशातच बसत नाही. म्हणजे बूट गेले तर स्की आणि रोलरस्की दोन्हींची बाइंडिंगं बदलावी लागतील, हा खर्च आत्ताच धरा.

रोलरस्कीची चाकं काढून बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली की बदला, धुऊन पुन्हा बसवण्याच्या भानगडीत पडू नका. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो (६०८, ६००१ वगैरे). तो लिहून घ्या आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा. पत्र्याचं झाकण असलेलं बेअरिंग पहिल्या ओल्या रस्त्यात संपतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हे सगळे आकार मिळतात. बसवताना दोन बेअरिंगांच्या मधली नळी विसरू नका. ती नसली तर बोल्ट आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि चाक जाम होतं. आवळल्यावर चाक हाताने फिरवा, ते सहज फिरलं पाहिजे आणि आडवं हलता कामा नये. नायलॉनचे नट एकदा काढले की नवेच लावावेत.

स्केटिंगची चाकं आतल्या कडेने जास्त झिजतात, कारण ढकल त्या कडेवर येते. दर ४-५ सरावांनी डावी-उजवी अदलाबदल करा. चाक शंकूसारखं झालं की रोलरस्की आपोआप एका बाजूला ओढते आणि त्याचा ताण गुडघ्यावर येतो. कोणाकडे क्लासिकची रोलरस्की असेल तर तिच्या एका चाकजोडीत एकाच दिशेने फिरणारं रॅचेट असतं. त्यात डब्ल्यूडी-४० मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं, मग गंज चढतो आणि ऐन ढकलताना रॅचेट निसटतं.

पोलची टोकं: रोलरस्कीला कार्बाइडचीच हवीत आणि त्यांना धार हवी. बोथट टोक डांबरावर घसरतं, दर घसरीला खांद्याला हिसका बसतो. धार डायमंडच्या कानशीनेच लागते, साधी कानस कार्बाइडवर चालत नाही. टोक बदलायचं तर ते उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, गरम गोंद सैल होतो आणि टोक फिरवून निघतं. गॅसच्या ज्योतीवर धरू नका, कार्बनच्या नळीतलं इपॉक्सी जळून ती तिथेच मोडते.

आता इस्त्री. अमेरिकेतून आणलेली असेल तर ती ११०-१२० व्होल्टची आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावली की क्षणात जाते. १००० वॉटच्या इस्त्रीला १५०० वॉटचा, लोखंडी गाभ्याचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मुंबईच्या लोहार चाळीत मिळेल. प्रवासातले हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर डिजिटल इस्त्रीचं नियंत्रण बिघडवतात. कपड्यांची इस्त्री वापरू नये: तिचं तापमान इतकं वरखाली होतं की स्कीचा तळ भाजतो आणि त्याची छिद्रं बंद होतात.

स्कीचा तळ करडा-पांढरा, कोरडा दिसत असेल तर पितळी ब्रशने टोकाकडून शेपटीकडे घासा. मऊ मेण साधारण १२० अंशांवर वितळवा आणि गरम असतानाच खरवडा, मळ त्याबरोबर निघतो. खरवड स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करा. मग पाच-सहा साधे थर द्या. प्रत्येक थर खोलीच्या तापमानाला आल्यावरच खरवडायचा. आपल्याकडे ३० अंशांत त्याला अर्धा तास लागतो, एसीच्या खोलीत लवकर होतं. इस्त्री एका जागी थांबवायची नाही, धूर आला की तापमान जास्त आहे. शेवटचा थर न खरवडता ठेवा, तेच प्रवासातलं संरक्षण.

मेणाच्या डब्यात जुनी फ्लुओरोची (फ्लोरिन असलेली) मेणं असतील तर ती बाजूला काढा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या मोसमापासून त्यांच्यावर पूर्ण बंदी घातली आहे. त्या मेणाला वापरलेले ब्रशही स्कीला लावू नका, अंश राहतो. आणि ते जाळून टाकण्याचा विचार करू नका, धूर विषारी असतो.

एक शेवटचं, जे बहुतेक जण तपासत नाहीत: वजन. कॉलेजात ६५ किलोला निवडलेली स्की आज ७५ किलोला मऊ पडते. सपाट फरशीवर (आधी सरळ पट्टी टेकवून फरशी खरंच सपाट आहे ना ते पाहा) एका स्कीवर पूर्ण वजन देऊन उभे राहा, दुसऱ्याने पावलाखाली ०.२ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) सरकवून पाहावी. स्केटिंगच्या स्कीत पूर्ण वजनानेही पावलाखाली फट उरली पाहिजे. स्की पूर्ण बसत असेल तर ती ओल्या बर्फात चिकटेल आणि ५० किलोमीटर जड जाईल.

---

सेक्टर_बारा लिहितात:

रस्त्यांबद्दल. पाम बीच रोडचं नाव सगळे घेतात. वाशी ते बेलापूर जवळपास १० किमी सलग डांबर आहे, हे खरं. पण गाड्या फार वेगात असतात आणि स्केटिंगला दोन्ही बाजूंनी मिळून अडीच-तीन मीटर रुंदी लागते. सायकलस्वार डाव्या कडेने एका रेषेत जातो, तुम्ही जाऊ शकत नाही. तिथे करू नका. घोडबंदर रोड तर विचारातच घेऊ नका.

खारघरला सेंट्रल पार्कच्या भोवतालचे आणि गोल्फ कोर्सच्या बाजूचे रस्ते पहाटे ५ ते ६:३० चांगले. फेरी सपाट आणि रुंद आहे, पुढचं दूरवरचं दिसतं. आदल्या दिवशी एकदा चालत किंवा सायकलने फेरी मारून गतिरोधक, रंबलर पट्ट्या, झाकणं आणि खडी कुठे आहे ते पाहून ठेवा. पावसाळा संपताना कडेला बारीक खडी साचलेली असते, आणि १०० मिमीचं चाक खडीवर जागच्या जागी अडतं. हेल्मेट, हातमोजे, पुढे-मागे दिवा, परावर्तक जाकीट, यात तडजोड नको. भटकी कुत्री पोलच्या आवाजाने अंगावर येतात; अशा वेळी पळू नका, थांबा, पोल खाली करा, चालत पुढे जा.

चढासाठी बेलापूरचा पारसिक हिलचा रस्ता. फक्त वर जायचं. उतरताना रोलरस्की काढून हातात घ्यायची किंवा कोणीतरी गाडी घेऊन यायचं. रोलरस्कीला ब्रेक नाही, नांगरासारखी टोकं जुळवून वेग थोडा कमी होतो एवढंच, आणि त्या उतारावर वळणापलीकडून गाडी आली तर तेवढ्याने भागत नाही.

ठाणेकरांसाठी येऊर. तिथे रोलरस्की नाही, पण पोल घेऊन चढ चालणं आणि उड्यांचे सराव यांना इतका चांगला चढ जवळपास दुसरा नाही. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, बिबट्यांचा वावर आहे. उजाडल्यावरच जा, गटाने जा, वनखात्याच्या फाटकाच्या वेळा पाळा.

काँक्रीटबद्दल सांगायचं राहिलं. आपल्याकडे रस्ते भराभर काँक्रीटचे होत आहेत. काँक्रीटवर पोलचं टोक रुतत नाही, प्रत्येक ठोका कोपरात जातो. पहिले दोन महिने डांबरच शोधा, त्यासाठी २० मिनिटं गाडी चालवावी लागली तरी.

---

श्वास_आणि_लय लिहितात:

सरावाच्या वाटपाबद्दल लिहितो. कॉलेजच्या शर्यती बहुतेक ५ ते २० किमीच्या असतात. त्यामुळे जुन्या खेळाडूंचा हात आपसूक कठीण इंटरव्हलकडे (मध्ये विश्रांती घेत जोरात करायच्या फेऱ्यांकडे) वळतो. हृदय आणि फुप्फुसं आठ-दहा आठवड्यांत बऱ्यापैकी परत येतात, पण कोपराचे आणि खांद्याचे स्नायुबंध, पोटरी, नडगीच्या पुढचा स्नायू यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून माणूस ढकलत राहतो, आणि नोव्हेंबरात कोपर धरून बसतो. म्हणून रोलरस्कीचे तास सावकाश वाढवा, बाकीचा दम धावणं, सायकल, येऊरचा चढ यांतून कमवा.

पहिले सहा आठवडे: रोलरस्की आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी ४० मिनिटं, तेही सलग पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या श्रमात. दर आठवड्याला रोलरस्कीचा एकूण वेळ १० ते १५ टक्के वाढवा, चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करा. कठीण सराव ऑक्टोबरअखेरपर्यंत आठवड्यात एकच: ४ वेळा ८ मिनिटं, मध्ये २ मिनिटं विश्रांती. नोव्हेंबरपासून दोन. त्यातला एक थ्रेशोल्डचा (कठीण, पण बराच वेळ टिकवता येईल अशा श्रमाचा), वाढवत वाढवत ३ वेळा १२ आणि पुढे २ वेळा २० मिनिटं. दुसरा चढाचा: येऊरला पोल घेऊन उड्या, ५-६ वेळा ३ ते ४ मिनिटं, उतरताना चालत. या उड्यांचे पोल क्लासिकच्या पोलपेक्षा ८-१० सेंमी आखूड हवेत आणि डांबरावर टोकांना रबरी टोपणं लावा.

रविवारचा लांब सराव दीड तासापासून सुरू करून जानेवारीच्या मध्यापर्यंत तीन तासांवर न्या. शेवटचा अर्धा तास फक्त डबल पोल (दोन्ही पोल एकदम टेकून ढकलणं), पाय न वापरता. खारघरच्या सपाट रस्त्यावर व्ही-टू (प्रत्येक पावलाला पोलची एक ढकल) आणि डबल पोल भरपूर होतं, पण व्ही-वन (दोन पावलांना एक ढकल, चढावरची लय) होतच नाही, आणि बिर्कबायनरच्या मार्गावर तर पहिल्या १२-१३ किमीत बराच चढ आहे. त्यासाठी दोन आठवड्यांतून एकदा पारसिक हिलवर व्ही-वन: ६ वेळा ४ मिनिटं, गाडीने खाली.

चाकांच्या वेगाचाही विचार करा. रबराचं चाक तापलं की त्याचा विरोध कमी होतो. थंड देशात मध्यम वाटणारं चाक आपल्याकडे पळतं. त्यामुळे एक पायरी हळू चाक घ्या. मात्र वेगाच्या क्रमांकाची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, तक्ता बघूनच मागवा. चाक फार वेगवान असलं की ढकलीचा काळ आखडतो, अंगाला खोटी लय लागते आणि बर्फावर पहिले दोन दिवस सगळं जड वाटतं.

उष्णतेत नाडी फसवते. ऑक्टोबरच्या पहाटेही त्याच श्रमाला नाडी १० ठोक्यांनी वर असू शकते, आणि तासाभरात आणखी चढते. सोप्या सरावात नाडीची वरची मर्यादा पाळा, मग वेग कितीही कमी होवो. सरावाआधी आणि नंतर वजन करा: १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यात ओआरएस.

ताकदीचा सराव: पुलअप, डिप्स, पोटाचं चाक, एका पायावरची बैठक. आठवड्यात दोनदा, डिसेंबरनंतर एकदा. नडगी दुखत असेल तर बुटाचा वरचा पट्टा सैल करा आणि पाऊल उचलताना बोटं वर ओढता आहात का ते पाहा. बहुतेकदा कारण तेच असतं.

---

कोमट_मेण लिहितात:

श्वास_आणि_लय, बाकी सगळं पटतं, पण ऑक्टोबरातला थ्रेशोल्ड रस्त्यावर करू नये असं माझं मत आहे. त्या दमटपणात रक्त कातडीकडे वळतं, नाडी मर्यादेला पोहोचते आणि हातांवर हवा तो भार येतच नाही. स्कीअर्ग (उभ्याने दोऱ्या खाली ओढत डबल पोलचा सराव करायचं यंत्र) असलेली जिम ठाण्यात किंवा वाशीत शोधा, एसीत, पंखा समोर ठेवून तोच ४ वेळा ८ मिनिटांचा सराव करा. डॅम्पर (त्यावरची हवेची झडप) ३ ते ५ च्या मध्ये ठेवा. १० वर ठेवला की ती ताकदीची कसरत होते.

---

श्वास_आणि_लय लिहितात:

मान्य. पण पूर्णपणे एसीत जाऊ नका. उष्णतेतल्या सोप्या सरावाने रक्तद्रव वाढतो, त्याचा फायदा थंडीतही थोडा मिळतो. सोपं बाहेर, कठीण आत, अशी विभागणी ऑक्टोबरपुरती चालेल. आणि स्कीअर्गवर कमरेतून वाकण्याची सवय लागते, ती रोलरस्कीवर घेऊन जाऊ नका: छाती पोलवर टाकायची, कंबर उंच ठेवायची.

---

पारसिक_चढ लिहितात:

मनापासून आभार. दोघांच्या बुटांच्या सोलमध्ये नख रुतलं, ते गेले. गुलमर्गचं कोणी सांगेल का? आणि २०-२५ अंशांतून थेट उणे १५ मध्ये जाताना श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं? आमच्यापैकी एकीला लहानपणी दमा होता.

---

चिल्लई_कलान लिहितात:

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. सपाट भाग गोल्फ कोर्सचा, खेलो इंडियाच्या नॉर्डिक शर्यतीही तिथेच होतात. तारखा ठरवताना अलीकडची वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बराचसा काळ तिथे बर्फच नव्हता आणि खेळ फेब्रुवारीच्या उत्तरार्धात झाले. २०२५ मध्ये तर ते मार्चपर्यंत पुढे गेले. तेव्हा जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा, रद्द करता येतील अशीच तिकिटं काढा आणि दहा दिवस आधी हॉटेलवाल्याकडून रोजचा फोटो मागवा.

दुसरी अडचण म्हणजे मार्ग. खेळ नसताना स्केटिंगसाठी दाबलेला रुंद मार्ग मिळेलच असं नाही. भुसभुशीत बर्फात स्केटिंग होत नाही, टोक रुततं. स्नोमोबाइलने दाबून देणारा माणूस आधी ठरवा, किंवा सकाळी लवकर, स्लेजवाले येण्याआधी, दाबल्या गेलेल्या वाटेवर डबल पोल करा. पहिले तीन दिवस उंचीमुळे फक्त सोपं. तिथे थ्रेशोल्ड करायचाच नाही. त्या सात-आठ दिवसांत वेग नको, फक्त तोल कमवायचा: पोलशिवाय स्केटिंग, एका पायावर जितकं लांब घसरता येईल तितकं. रोलरस्कीवर चाक स्थिर असतं, बर्फावर स्की तिरकी होते. फरक तिथेच कळतो.

सामान नेताना: गॅसची टॉर्च, स्प्रे, ज्वलनशील क्लीनर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. इस्त्री चालते. स्कीची बॅग लांब असते, एअरलाइनला आधी कळवून पावती घ्या. दोन स्की तळाला तळ लावून बांधताना मधोमध करकचून बांधू नका, कमान बसते. फक्त टोक आणि शेपटी बांधा, मध्ये ठोकळा.

श्वासाबद्दल: कोरडी थंड हवा जोरात ओढली की श्वासनलिका आखडते, आणि लहानपणी दमा असेल तर शक्यता जास्त. आत्ताच छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन व्यायामानंतरची स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) करून घ्या. इनहेलर लिहून दिला तर तो गुलमर्गलाच वापरून पाहा, शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा नव्हे. तोंडावर बफ (नळीसारखा मफलर) किंवा उष्णता धरून ठेवणारा मुखवटा लावा. सुरुवातीआधी २०-२५ मिनिटं हळूहळू चढवत नेलेलं वॉर्मअप करा, त्यात दोन-तीनदा थोडा वेळ वेग वाढवा. पहिले दोन किलोमीटर दाबून धरा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उणे २० च्या खाली शर्यत होत नाही, तुम्हीही सरावाला तीच रेष ठेवा.

---

श्वास_आणि_लय लिहितात:

यात दोन भर. विस्कॉन्सिन आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, शरीर दिवसाला साधारण तासभरच सरकतं. किमान आठ-दहा दिवस आधी पोहोचा, तिथल्या तयार मार्गावर रोज ४५ मिनिटं सोपं करा. २०१७ मध्ये बर्फाअभावी शर्यत रद्द झाली होती आणि २०२४ मध्ये कृत्रिम बर्फाच्या १० किमीच्या फेरीवर झाली, तेव्हा तिकडेही परतीच्या तारखा लवचिक ठेवा.

दुसरं खाण्याचं. तीन-चार तासांच्या शर्यतीत तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. रविवारच्या लांब सरावात डिसेंबरपासून तेवढंच घ्यायची सवय करा, पोटाला शिकवावं लागतं. कमरेची बाटली उष्णतारोधक हवी, गरम पाण्याने भरा आणि घोट घेतल्यावर नळीतलं पाणी फुंकून परत आत ढकला, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात नळी गोठते. ही फुंकण्याची सवयही खारघरलाच लावून घ्या.

---

सेक्टर_बारा लिहितात:

पारसिक_चढ, सेंट्रल पार्कच्या फेरीचा खडी आणि गतिरोधकांचा नकाशा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस थांबल्यावर, इथेच टाकतो. तोपर्यंत ओल्या रस्त्यावर चाकं लावू नका. ओल्या डांबरावर स्केटिंगची ढकल आडवी निसटते आणि मांडीचा आतला स्नायू ओढला जातो. सप्टेंबरात येऊरचा चढ आणि जिम पुरेसं आहे.